‘सोसतंय ना?’ एवढंच विचारून शेक देऊ नका

परवा आमच्या आळीतल्या काशीबाईंच्या घरी गेले होते. त्यांच्या यजमानांच्या अंगावरून वारं गेलं, डावी बाजू लुळी पडली, म्हणून भेटायला. ओसरीवर शेगडी फुललेली, तिच्यावर विटा तापत होत्या. त्यांची सून एकेक वीट फडक्यात गुंडाळून सासऱ्यांच्या लुळ्या पायाला लावत होती आणि विचारत होती, "मामंजी, सोसतंय ना?" मामंजी मान हलवत होते.

मी धावत गेले. धावत म्हणजे माझ्या चालीनं, एक पाय ओढत. डाव्या हातानं ती वीट बाजूला लोटली. सांगायचं पुष्कळ होतं, पण तोंडातून एवढंच निघालं, "नको. नको गं. हात. माझा हात बघ."

पोर घाबरून माझ्याकडे बघत राहिली. तिला वाटलं असेल, हिच्या डोक्यावर परिणाम झालाय. मग मी पदर सारला आणि उजवा हात तिच्यापुढे धरला. तो पाहिल्यावर तिनं काही न विचारता शेगडीवरच्या विटा उतरवल्या.

प्रत्येक घरी मी अशी वेळेवर पोचणार नाही. म्हणून लिहिते आहे. डाव्या हातानं लिहिते, शब्द अडला की इकडे विचारते. इकडे म्हणजे यजमानांना. नाव घ्यायची रीत नाही. कल्याणच्या सरकारी शाळेत मास्तरकी करणं होतं. लिहायला-वाचायला मला तिकडूनच शिकवणं झालं, आणि त्याचा उपयोग असा होईल असं दोघांच्याही मनात आलं नव्हतं.

बाळंतिणीच्या खोलीत

मुलगा झाला होता. मी अजून खोलीतच होते, बाजेवर, खाली धुरी. सकाळची वेळ. बाळ शेजारी रडायला लागलं म्हणून मी त्याला घ्यायला उजवा हात पुढे केला. केला असं मला वाटलं. पाहते तर हात तिथेच, गोधडीवर, कुणीतरी विसरून गेल्यासारखा. पुन्हा केला. पुन्हा तिथेच. मला हसू आलं, खरंच सांगते. अंगाखाली दबून बधिर झाला असेल, आत्ता मुंग्या येतील, असं वाटलं.

मग थोरल्या जाऊबाईंना हाक मारायला गेले. "वन्सं" म्हणायचं की "जाऊबाई" म्हणायचं, काहीच आठवेना, आणि तोंडातून निघालं, "हो."

कुणी काही विचारलं नव्हतं. मी पुन्हा हाक मारली. "हो. हो. हो."

जाऊबाई आत आल्या, माझं एका बाजूला ओघळलेलं तोंड पाहिलं आणि सासूबाईंना हाका मारत माघारी धावल्या.

वैद्य आले. नाडी पाहिली, पापण्या उघडून पाहिल्या. दाराबाहेर सासूबाईंना म्हणाले, "अर्धांगवायू आहे. बाळंतपणातला. जिवाला धोका दिसत नाही. बाकी हात, पाय, वाचा... त्याच्या मनात असेल तसं." ते सगळं मला नीट ऐकू येत होतं. लोकांना वाटतं, वाचा गेली म्हणजे कानही गेले, समजही गेली. माझं तसं काही झालं नव्हतं. मी आतमध्ये जशीच्या तशी होते. फक्त बाहेर यायचे सगळे दरवाजे बंद झाले होते, आणि एका फटीतून तो एकच शब्द तेवढा बाहेर पडत होता.

"पाणी देऊ का?" "हो." "नको का?" "हो." "थंडी वाजते?" "हो." अंगाची लाही होत असायची आणि वर दुसरं पांघरूण पडायचं.

सासूबाई भेटायला येणाऱ्या बायकांना सांगायच्या, "पोर गुणाची आहे हो. एवढं झालं, पण कशाला म्हणून नाही म्हणत नाही."

बाळाला माझ्यापाशी घेता येईना. उजवीकडे निजवलं तर माझाच हात त्याच्यावर पडायची भीती, डावीकडे निजवलं तर मला कूस वळता येईना. जाऊबाईंची तान्ही मुलगी होती, त्यांना दूध भरपूर. एक दिवस सासूबाई बाळाला घेऊन माझ्या उशाशी बसल्या आणि मऊ आवाजात म्हणाल्या, "याला थोरलीकडे देऊ का गं? उपाशी राहतोय. तुझी मर्जी असेल तरच."

माझी मर्जी नव्हती. अजून नव्हती. दोन दिवस थांबा, मला उठून बसवा, मी करते काहीतरी, असं सगळं घशाशी आलं. मी जिवाच्या आकांतानं ओरडले, "हो!"

"शहाणी गं माझी," म्हणून त्यांनी माझ्या कपाळावरून हात फिरवला आणि बाळाला घेऊन गेल्या.

शेक

वैद्यांनी औषधी तेल सांगितलं आणि वर वाळूचा शेक. निर्गुडीचा पाला घालून तव्यावर वाळू तापवायची, पुरचुंडी बांधायची आणि हाता-पायाला शेकायचं. सासूबाईंनी ते काम दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही. एरवी त्यांचा स्वभाव कडक. सुनेच्या अंगाला हात लावणं त्यांच्यात बसत नव्हतं. पण रोज सकाळी माझ्यापाशी बसून त्या माझा तो मेलेला हात मांडीवर घ्यायच्या आणि शेकता शेकता स्तोत्र म्हणायच्या. स्पर्श कळत नव्हता, तरी त्यांच्या हातांकडे बघून बरं वाटायचं.

फरक पडेना. वैद्य म्हणाले, "ऊब आत पोचत नाही. जरा चढा शेक द्या."

त्या दिवशी सासूबाईंनी वाळू नेहमीपेक्षा जास्त तापवली. पुरचुंडी हाताला लावून विचारलं, "सोसतंय ना गं?"

"हो."

"चटका तर बसत नाही?"

"हो." त्यांना ते बरोबर उत्तर वाटलं. मला चटका बसतही नव्हता. काहीच होत नव्हतं. हात कुणा दुसऱ्याचाच असावा, असं मी त्याच्याकडे बघत होते. मग माजघरात बाळ रडलं. ऊब जाऊ नये म्हणून त्यांनी पुरचुंडी माझ्या मनगटाच्या वर फडक्यानं घट्ट बांधली, वर शाल टाकली आणि "आलेच" म्हणून उठल्या.

थोड्या वेळानं वास आला. चुलीवर काही उतू गेलं असेल असं आधी वाटलं. मग शालीखालून पाणी झिरपून गोधडीवर डाग पडताना दिसला. तेव्हा मला कळलं. मी डावा हात लांबवला, पण गाठ मनगटाच्या पलीकडच्या बाजूला घट्ट बसलेली, एका हातानं सुटेना. ओरडले. ओरडणं म्हणजे काय? "हो! हो! हो!" माजघरातून जाऊबाईंचा आवाज आला, "ऐकलंत का, आज आवाज किती मोठा निघतोय! गुण येतोय बरं का शेकाला!"

कुणी लगबगीनं आलं नाही. कशाला येतील? बाई मजेत आहे, हो म्हणते आहे.

फडकं सोडलं तेव्हा त्याच्याबरोबर कातडी सुटून आली. सासूबाई हातातल्या फडक्याकडे बघत राहिल्या. मग आपल्या मुलाला, म्हणजे इकडे, हाक मारून, जणू न्यायनिवाडा तिथेच व्हायचा आहे, अशा सांगू लागल्या, "मी विचारलं होतं रे तिला! दोनदा विचारलं. हो म्हणाली ती. देवाशपथ हो म्हणाली!"

मी म्हटलं, "हो."

ठाणे

जखम चिघळली. हात कोपरापर्यंत सुजला, घाण सुटली. तिकडून ठरलं, ठाण्याच्या सरकारी दवाखान्यात न्यायचं. घरात त्यावरून बरंच झालं. बाईमाणूस दवाखान्यात ठेवायचं, परक्या पुरुषानं हात लावायचा, पाणी कुणाच्या हातचं प्यायचं? थोरले दीर म्हणाले, "आधी लोक काय म्हणतात ते ऐक, मग आम्हाला ऐकव." शेवटी सासूबाईंनीच तोंड उघडलं. "मी जाते तिच्याबरोबर," म्हणाल्या. "पाणी मी भरीन."

बाळ जाऊबाईंपाशी राहिलं. निघताना त्यांनी त्याला माझ्या तोंडापाशी आणलं. आगगाडीत माझ्या दुधानं चोळी भिजली, आणि ठाण्याला पोचून थोड्याच दिवसांत ते दूधही आटलं.

दवाखान्यातले डॉक्टर आपल्यातलेच होते. तुटक बोलायचे, पण वेळ द्यायचे. त्यांनी आधी हात पाहिला नाही. माझ्यासमोर स्टुलावर बसून विचारलं, "बाई, तुमचं नाव यमुना का?"

"हो."

"तुमचं नाव लक्ष्मी का?"

"हो."

"तुम्हाला मिशा आहेत?"

"हो."

पोचवायला इकडून बरोबर येणं झालं होतं, तो चेहरा एकदम उतरला. सासूबाई डॉक्टरांकडे बघेनात, माझ्याकडे बघेनात. माझ्या डोळ्यांतून मात्र पाणी वाहू लागलं, कारण इतक्या दिवसांत कुणीतरी पहिल्यांदाच ओळखलं होतं की मी हो म्हणत नाही.

डॉक्टर म्हणाले, "डावा हात हलतो ना? पंजा उघडला तर होय. मूठ मिटली तर नाही. तुमचं नाव लक्ष्मी?"

मी मूठ मिटली. इतकी आवळली की नखं रुतली. जगात एवढं सुख दुसरं नव्हतं.

मग त्यांनी दोन बाटल्या मागवल्या, एकीत कोमट पाणी, एकीत थंड. माझे डोळे झाकून डाव्या हाताला आळीपाळीनं लावल्या. ते मला कळलं. उजव्या हाताला लावल्या तेव्हा मी वाट बघत राहिले. सासूबाई शेवटी म्हणाल्या, "अहो, लावा ना." डॉक्टर म्हणाले, "केव्हाच्या लावल्यात, आजीबाई."

नंतर त्यांनी सासूबाईंना समजावलं. रागावले नाहीत, ते जास्त जड गेलं असेल. "शेक वाईट नसतो. मीही देतो. पण तुम्हाआम्हाला चटका बसला की हात आपोआप मागे येतो. हिला चटकाच कळत नाही. मग सोसतं का, हे हिला विचारून काय उपयोग? बोलता येत असतं तरी खोटंच उत्तर मिळालं असतं. आपल्या कोपराला लावून बघायचं. मग तिच्या चांगल्या हाताला. मग मध्ये कापडाची जाड घडी घालून इथे. बांधून ठेवायचं नाही, सोडून जायचं नाही, आणि घडीघडीला उचलून कातडीकडे बघायचं."

"आणि आता?" सासूबाईंनी विचारलं. "आता हात येईल ना?"

डॉक्टर म्हणाले, "वाऱ्यानं गेलेला हात थोडाफार परत येतो कधी कधी. पण भाजलंय खोल. जखम भरताना बोटं आखडणार. ती सरळ होतील असं मी सांगत नाही."

सासूबाई उठून व्हरांड्यात गेल्या. बऱ्याच वेळानं आल्या तेव्हा पाण्याचा तांब्या भरून आणला होता. मला तहान नव्हती. मी पंजा उघडला आणि प्यायले.

विजेची पेटी

जखम सडू नये म्हणून ती रोज सकाळी कार्बोलिकच्या पाण्यानं धुवायची. मला दुखत नसे. बायका म्हणायच्या, नशीब बाई तुझं. शेजारच्या खाटेवर मिठागरातली चांगुणा होती, खारं पाणी लागून पाय सडलेला. धुताना ती कळवळून शिव्या द्यायची, आणि मला तिचा हेवा वाटायचा.

ती बडबडी होती. मी रडले की म्हणायची, "कनाला रडतंस गो बाय? मना पाय हाय तं दुखतंय, तुना हात हाय तं दुखत नाय. दोगींचं बी येकच." आणि मग तिच्या गावाच्या, खाडीच्या, भरतीच्या गोष्टी. उत्तर हवं असा प्रश्न ती मला कधीच विचारत नसे. त्यामुळे मला उत्तर द्यावं लागत नसे. दवाखान्यातला तेवढा वेळ मी माणसासारखी असायचे.

जखमेवर खपली धरू लागल्यावर डॉक्टरांनी विजेची पेटी आणली. लाकडी पेटी, आत काचेच्या बरण्यांत तेजाबाचं पाणी, आणि तारांच्या टोकांना ओले बोळे. सासूबाईंनी लांबूनच नमस्कार केला. डॉक्टरांनी बोळे आधी स्वतःच्या हाताला लावले, मग माझ्या डाव्या हाताला, आणि मग चांगली कातडी शोधून उजव्या हाताला.

माझी बोटं उडाली.

मी उडवली नाहीत. मला काही कळलंही नाही. माझ्या डोळ्यांदेखत माझी बोटं उडून पुन्हा पडली. भीतीनं मी डोळे मिटले. सासूबाई रडत-हसत ओरडल्या, "हलली! डॉक्टर, हलली हो!"

"मी हलवली, आजीबाई," डॉक्टर म्हणाले. "तिनं नाही. आखडू नयेत म्हणून करायचं. ही काही जादू नव्हे."

रोज ते चालायचं. एका दिवशी डॉक्टरांना बाहेर जावं लागलं आणि बोळे कंपाउंडरनं लावले. घाईत होता बिचारा, खोलीबाहेर रांग होती. जोर वाढवत त्यानं सवयीनं विचारलं, "सोसतंय ना, बाई?"

"हो," मी म्हटलं. मूठही मिटली होती, पण तो माझ्या तोंडाकडे बघत होता.

सासूबाईंनी पुढे होऊन त्याचं मनगट धरलं. आयुष्यात परक्या पुरुषाला त्यांनी हात लावला नसेल. "तिला विचारू नका," म्हणाल्या. "बोळा उचला. कातडी बघा." तो कुरकुरला, पण उचलला. बोळा वाळला होता. खाली लाल वाटोळा डाग उठला होता. त्यांनी दुसरा बोळा स्वतः भिजवून त्याच्या हातात दिला.

त्या दुपारी माझी वेणी घालताना त्यांनी मागून विचारलं, "माझा राग येतो ना गं तुला?"

तोंड "हो" म्हणालं. ते तर म्हणणारच. हातानं मूठ मिटली. त्या पुढे वाकून दोन्हींकडे बघत राहिल्या, आणि तोंड खरं की हात, ते माझं मलाच कळेना. अजूनही सांगता येणार नाही.

कल्याणला

निघताना डॉक्टरांनी विचारलं, "घरी ही काय काय करायची?" सासूबाई म्हणाल्या, "काय नाही करायची?" डॉक्टर म्हणाले, मग तेच द्या. पण चूल, शेगडी, कढत पाणी, विळी यांच्यापासून लांब. आणि काम करताना नजर हातावर.

म्हणून मला तांदूळ निवडायला बसवलं. आखडलेल्या बोटांनी खडा काही उचलता येत नाही. तळव्याच्या कडेनं तांदूळ ताटात पुढे सारायचे, डाव्या हातानं खडा काढायचा. पुढे कणीक मळायला दिली. बोटं पिठात आहेत की बाहेर, ते बघितल्याशिवाय कळत नसे. कुणी बोलायला आलं आणि मी वर पाहिलं की हात परातीबाहेर जमिनीवर मळत असायचा. पहिल्यांदा सगळे हसले. मग कुणी हसेना, ते जास्त वाईट होतं.

चुलीपाशी जाऊ नये असा माझ्यावर पहारा. आणि चुलीपाशी न जाणाऱ्या सुनेची घरात जागा कुठे? सगळं जाऊबाईंवर पडलं. त्या कधी बोलल्या नाहीत. भांडी मात्र जोरात आपटायच्या, आणि मी ते ऐकत बसायचे.

वाचा हळूहळू आली. पहिला शब्द आला "नको", आणि त्या दिवशी सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली. मग पाणी, दिवा, मीठ. माझ्या मुलाचं नाव मी दवाखान्यात असताना घरी ठेवलं होतं, विश्वनाथ. एवढं अवघड नाव माझ्या तोंडून निघेना. मी त्याला "ए" म्हणायचे. तो रांगत जाऊबाईंकडे जायचा आणि त्यांना आई म्हणायचा. त्यांची मुलगी म्हणते म्हणून तोही म्हणायचा. जाऊबाई घाईघाईनं सांगायच्या, "मी नाही रे, ती बघ तुझी आई." तो माझ्याकडे बघायचा आणि त्यांच्या मांडीत तोंड लपवायचा. यात कुणाची चूक होती? कुणाचीच नव्हती. म्हणून तर कुणावर रागावताही येत नव्हतं.

दिवाळी होऊन गेली होती. मी अंगणात भिंतीला धरून पाय मोकळा करत होते, डावा हात भिंतीवर, उजवा तसाच लोंबत. समोर ओसरीवर सासूबाई वाती वळत होत्या. त्यांचे हात थांबले. त्यांनी नजरेनं खाली दाखवलं.

मी खाली पाहिलं. विश्वनाथ माझ्या शेजारी उभा होता. नुकता पाय टाकायला शिकलेला. त्यानं माझं उजव्या हाताचं आखडलेलं बोट मुठीत घट्ट धरलं होतं आणि माझ्या पावलाबरोबर तो पाऊल टाकत होता. किती वेळ धरलं होतं, देव जाणे.

त्याची मूठ गरम होती की गार, ओली होती की कोरडी, मला काही कळलं नाही. मी हळूहळू चालत राहिले, त्याच्या मुठीवरची नजर न काढता. तेवढ्यात पाय अडखळला म्हणून क्षणभर समोर पाहिलं. पुन्हा खाली पाहिलं तर तो केव्हाच सुटून तुळशीपाशी पोचला होता. त्यानं बोट कधी सोडलं, तेही मला कळलं नव्हतं.